माजघरातून : राहून गेलेलं बोलणं

उन्हाळ्याच्या दिवसांत पेणच्या कुठल्याही आळीतून चाला, आधी नाकाला हिंगाचा वास येतो आणि मग गच्च्यांवर, अंगणात, जुन्या साड्यांवर वाळत घातलेले पापड दिसतात. पोह्यांचे पापड ही आमच्या गावची ओळख, गणपतीच्या मूर्तींच्या खालोखाल म्हणा हवं तर. आम्ही आठ-दहा जणी दरवर्षी एकमेकींच्या घरी पाळीपाळीने पापड करायला जमतो. सकाळी लवकर पीठ कुटून घ्यायचं, तेलाचा हात लावून लाट्या करायच्या, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत लाटून मोकळं व्हायचं. आमचा एक नियम आहे. जिचे हात दुखत असतील तिने लाटायचं नाही, वाचायचं. मग कधी वर्तमानपत्र, कधी एखादी कथा, कधी कुणाच्या सुनेने मोबाइलवर पाठवलेली गोष्ट.

या वर्षी पाळी माझ्या घरी होती. रोह्याहून माझी धाकटी जाऊ मुद्दाम आली होती. पेण-रोहा अंतर ते काय, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. पण गेल्या काही वर्षांत ती सणावाराला आमच्याकडे यायचीच बंद झाली होती. का, ते पुढे सांगते. या वेळी मी फोनवर म्हटलं, "अगं, सण नाही, समारंभ नाही, पापडच लाटायचेत. ये की." तेव्हा कुठे आली.

वाचायला त्या दिवशी नारायण सुर्व्यांच्या कविता होत्या. पापड लाटताना कविता हे जरा अवघडच वाटेल तुम्हाला. आम्हालाही वाटलं होतं. पण आमच्यातली एक वाचनालयात जाते, तिच्या डोक्यात नेरळच्या चोराची गोष्ट घर करून बसली होती. तुम्हीही ती वाचली असेल. २०२४ च्या जुलै महिन्यात आपल्याच रायगड जिल्ह्यात नेरळला एका बंद घरात चोरी झाली. चोराने टीव्ही आणि आणखी काही सामान नेलं. उरलेलं न्यायला तो परत आला तेव्हा त्याला भिंतीवरचा फोटो आणि मानचिन्हं दिसली. हे घर कवी नारायण सुर्व्यांचं, हे त्याच्या लक्षात आलं. गड्याने नेलेलं सामान परत आणून ठेवलं आणि भिंतीला चिठ्ठी चिकटवली. घर कुणाचं ते ठाऊक असतं तर चोरी केली नसती, माफ करा, अशा अर्थाची.

"चोराला जो माणूस ठाऊक आहे, तो आपल्याला ठाऊक नको का गं?" आमची वाचनालयवाली म्हणाली. त्यावर कुणालाच उत्तर सुचेना. मग पुस्तक आलं.

आता सुर्वे कोण, हे ज्यांना शाळेतल्या धड्यापुरतंच आठवतं त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण त्यांचं आयुष्य कळल्याशिवाय त्यांची कविता पोटात शिरत नाही.

१९२६ सालची गोष्ट. मुंबईत गिरणगावात रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला सापडलं. त्याने ते उचलून घरी नेलं. त्याची बायको काशीबाई, तीही गिरणीतच कामाला. दोघांनी त्या पोराला पोटच्यासारखं वाढवलं. आपलं नाव दिलं. जन्म देणारी कोण, जात कोणती, गाव कुठलं, काहीच माहीत नाही. नारायण गंगाराम सुर्वे हे अख्खं नाव प्रेमाने मिळालेलं, रक्ताने नव्हे. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त झाला आणि नवराबायको कोकणात गावी निघाले. जाताना पोराच्या हातावर त्यांनी दहा रुपये ठेवले. पोर मुंबईतच राहिलं. तेव्हापासून फूटपाथ हेच त्याचं घर. कुणाच्या घरी गडी, कुठे हॉटेलात पोऱ्या, कधी गिरणीत, असं करत करत महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. मोठेपणी सातवीची परीक्षा दिली आणि मग शाळेतच मास्तर झाला. ज्या शाळेत घंटा वाजवली तिथल्या जगातच खडू हातात धरला.

पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला, 'माझे विद्यापीठ' १९६६ साली, मग 'जाहीरनामा' १९७५ साली. विद्यापीठ म्हणजे कुठलं, तर रस्ता, गिरणी आणि चाळ. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ साली पद्मश्री मिळाली. आयुष्याची शेवटची वर्षं ते नेरळला राहत होते. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले. आपल्या डोंगरी शेतावर राबणाऱ्या बाईचं जे गाणं आपल्याकडच्या शिबिरांत, मोर्चांत बायका इतकी वर्षं म्हणत आल्या, तेही त्यांचंच. कित्येकींना ते लोकगीतच वाटतं. कवीला याहून मोठी पावती कुठली?

वाचणारीने सुरुवात केली ती मास्तराच्या कवितेने. शरीर विकून पोट भरणारी एक बाई मुलाला शाळेत घालायला आली आहे. मास्तर बापाचं नाव विचारतात. ती काय सांगणार? शेवटी ती मास्तरांनाच म्हणते, तुमचंच घाला. एवढीच गोष्ट. पण आमच्या लाटण्यांचा आवाज थांबला. मला वाटतं, ज्या माणसाला स्वतःला कुणीतरी नाव दिलं होतं, त्यालाच ही कविता लिहिता येते. आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका आहे. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत किती पोरांच्या आयांना मी तो प्रश्न विचारला असेल, आणि किती जणी खाली बघत राहिल्या असतील." आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात सरकारी कागदोपत्री आधी आईचं नाव लागतं. फार उशीर झाला, पण झालं हे खरं.

मग तिने पान उलटलं आणि 'तेव्हा एक कर' ही कविता काढली.

मी ती इथे देत नाही, तुम्ही वाचनालयातून पुस्तक आणून स्वतःच वाचा. आशय सांगते. नवरा बायकोशी बोलतो आहे. मी या जगात नसेन तेव्हाचं बोलतो आहे. रड, काही दिवस जीव कासावीस होईल, होऊ दे. पण मग डोळे पूस. माझ्या नावाने उरलेलं आयुष्य जाळत बसू नकोस. वाटलं तर नव्याने संसार मांड. माझी आठवण ठेवून मांड, नाहीतर विसरून मांड, पण मांड.

कविता संपली आणि कुणी बोलेना. आमच्यातल्या सगळ्यात वडील आजी, वय वर्षं एक्क्याऐंशी, त्यांनी हातातली लाटी तशीच परातीत ठेवली आणि म्हणाल्या, "असं कुणी म्हणतं का गं बायकोला? असं म्हणणारा असता तर मी त्याला आधी जाऊच दिलं नसतं." सगळ्या हसल्या. हसता हसता दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला.

माझी जाऊ उठली. वाळलेले पापड गोळा करायच्या निमित्ताने गच्चीवर गेली. ऊन तर अजून नीट चढलंही नव्हतं. पापड कसले वाळतायत!

आता तिची गोष्ट. तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "नाव घालू नका ताई, पण लिहा."

माझे धाकटे दीर धाटावच्या एका कारखान्यात होते. २०२२ साली रात्रपाळीहून घरी आले, चहा मागितला, आणि चहा उकळेपर्यंत खेळ संपला होता. तिचं वय तेव्हा चाळीस. मुलगी नववीत. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मग खरं दुःख सुरू झालं. दुःखाला कागद लागतात हे तिला तोवर माहीत नव्हतं. बँकेतलं खातं भाऊजींच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी म्हणून नाव सासूबाईंचं, आणि सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झालेली. विम्याची पॉलिसी कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी ती देवघराच्या फळीवर जुन्या पंचांगांत सापडली. सहा-सात महिने ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन हिंडत होती. माणूस गेल्याचं रडू तिला रांगेत उभं राहून रडावं लागलं.

दुसरं दुःख कागदाचं नव्हतं. रोह्याला दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते. दारोदारी बायका ओवाळायला उभ्या असतात. लग्न होऊन रोह्याला आल्यापासून तिने दारात पालखी ओवाळली होती. त्या वर्षी तिने ताट तयार केलं, निरांजनात वात घातली, आणि शेजारणीने हलकेच सांगितलं, "तू आत थांब हो, मुलीला पुढे कर." कुणी वाईट बोललं नाही. कुणी ओरडलं नाही. पण त्यानंतर तिने सणाला कुणाकडे जाणं सोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबायच्या आधी आपणच जायचं थांबवलेलं बरं, असा तिचा हिशेब.

आणि तिसरं. हे लिहिताना माझाच हात अडखळतो. ती आता एका दुकानात हिशेब लिहिते. तिथल्या ओळखीतले एक गृहस्थ, बायको वारलेली, एक मुलगा नोकरीला लागलेला. त्यांनी नीट, रीतसर विचारलं. गेल्या दिवाळीत तिने मला फोन केला. म्हणाली, "ताई, मी काय करू?" आणि मी, जी तुम्हाला दर आठवड्याला शहाणपण शिकवते, मी काय म्हणाले? "अगं, लोक काय म्हणतील? मुलीचं लग्न तरी होऊ दे आधी." तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

कविता ऐकल्यावर मला माझं ते वाक्य आठवलं आणि लाटणं हातातून सुटलं. भाऊजी काय म्हणाले असते? मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. वीस वर्षांच्या संसारात गॅसचं बुकिंग, मुलीची फी, गणपतीला कोण येणार, सगळं बोलून झालं होतं. हे एक बोलायचं राहिलं. म्हणून तर ती दुसऱ्यांना विचारत राहिली, आणि दुसऱ्यांनी, म्हणजे आम्ही, आपापल्या भीतीप्रमाणे उत्तरं दिली.

सुर्व्यांच्या त्या कवितेची किंमत मला त्या क्षणी कळली. दुःख नको म्हणून ती सांगत नाही. दुःख कर म्हणते. पण प्रेम म्हणजे गेलेल्याने मागे राहिलेल्याला घातलेलं कुलूप नव्हे, हे ती सांगते. जाणाऱ्याने किल्ली देऊन जायला हवं. आणि हे त्याला सुचावं यात नवल नाही. घर हे वारशाने मिळत नाही, कुणीतरी कुणालातरी आपलं म्हटलं की ते होतं, हे ज्याच्या जन्माच्या पहिल्या दिवसाने त्याला शिकवलं, त्याला दुसऱ्यांदा मांडलेल्या घराची लाज कशी वाटेल?

आणि बरं का, कवीच्या मागे जी उभी असते तिची बाजूही वाचायला हवी. सुर्व्यांच्या पत्नी कृष्णाबाई. लग्न प्रेमाचं, पण संसार ओढगस्तीचा. त्यांनी आपली कहाणी सांगितली आहे, 'मास्तरांची सावली' या पुस्तकात. मास्तर म्हणजे सुर्वे. कवितेचं पुस्तक आणि हे पुस्तक एकाच पिशवीतून घरी आणा, एवढंच सांगते. एकात नवरा बोलतो, दुसऱ्यात बायको. दोन्ही ऐकल्याशिवाय संसार कळत नाही.

असे कवी काही आपल्याकडेच झाले असं नाही. अमेरिकेत शिकागो शहरात ग्वेंडोलिन ब्रूक्स नावाची कृष्णवर्णीय कवयित्री होऊन गेली, १९१७ साली जन्मलेली. तिथे काळ्या लोकांच्या वस्तीत मोठ्या घरांचे तुकडे करून एकेका कुटुंबाला एकेक खोली देत. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोपणं, आणि न्हाणीघर मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून एक. आपली चाळच म्हणा की! लग्नानंतर ब्रूक्सबाई अशाच बिऱ्हाडात राहिल्या, तिथे मुलं वाढवली, आणि त्याच खोल्यांवर, न्हाणीघराच्या रांगेवर, कांद्याच्या फोडणीच्या वासावर कविता लिहिल्या. १९५० साली त्यांना पुलित्झर हा तिथला मोठा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. आणि बातमी आली तेव्हा घरात वीज नव्हती, बिल भरायचं राहिलं होतं! दुसऱ्या दिवशी फोटोवाले दिवे घेऊन आले तेव्हा बाईंच्या पोटात गोळा, आता हे वायर लावणार आणि दिवा लागणार नाही. हा प्रसंग त्या स्वतःच सांगत.

त्यांच्या एका कवितेचा विषय सांगते. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला दक्षिणेत गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली, माझ्या मुलाचं काय केलंत ते जगाने बघावं म्हणून. त्यावर किती भाषणं झाली असतील. ब्रूक्सबाईंनी फक्त पोराला पुरून झाल्यावर खोलीत बसलेली आई दाखवली, काळी कॉफी पिणारी. बस्स. दुःख घरातच येऊन बसतं, कपबशीत, परातीत, हे बायकांना सांगावं लागत नाही. कवींना मात्र ते दिसावं लागतं. सुर्व्यांना दिसलं, ब्रूक्सबाईंना दिसलं. दोघांनाही ते दिसलं कारण दोघंही त्याच खोल्यांतून आलेले.

असो. पापड झाले, सगळ्या आपापल्या घरी गेल्या. जाऊ रात्री राहिली. तिला मी म्हटलं, "दिवाळीत मी चुकीचं बोलले. लोकांचं नाव पुढे केलं, पण भीती माझीच होती." ती काही बोलली नाही. डबे पुसत राहिली. मग म्हणाली, "ताई, मला लग्नापेक्षा एक गोष्ट जास्त हवी होती. त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं. माझ्याशी बोलले असते एवढंच."

ती झोपल्यावर मी आमच्या ह्यांच्याकडे गेले. ते टीव्हीवर बातम्या बघत होते.

"अहो, मी गेले तर तुम्ही काय कराल?"

"कुठे, रोह्याला?"

"कायमची."

त्यांनी आवाज कमी केला. माझ्याकडे बघितलं. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. म्हणूनच विचारते. बरी नसताना विचारलं तर घाबराल."

मग बराच वेळ बोललो आम्ही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण असं बोलणं पहिलंच. ते म्हणाले, मला भाताला किती पाणी घालायचं तेसुद्धा ठाऊक नाही. मी म्हटलं, उद्यापासून शिका. मी म्हटलं, तुम्ही आधी गेलात तर मी बांगड्या काढणार नाही, कुंकूही पुसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. तर म्हणाले, "काढू नकोस. तुझ्या बांगड्यांच्या आवाजाने मला सकाळी जाग येते. तिथेही येईल." मग दोघंही गप्प बसलो. टीव्ही तसाच चालू होता.

मैत्रिणींनो, या सदरात मी तुम्हाला दर वेळी काहीतरी करायला सांगते. लोणच्याच्या बरणीला धुरी द्या, गव्हाला एरंडेल लावा, वगैरे. या वेळी सांगते ते याच रविवारी करा. दुपारची झोप सोडा आणि दोघं समोरासमोर बसा. घाबरू नका, मरणाचं बोलल्याने मरण येत नाही. न बोलल्याने मात्र मागे राहिलेल्याचे हाल होतात.

आधी कागद घ्या. बँकेची खाती शक्य तितकी दोघांच्या नावाने करा. प्रत्येक खात्यावर, पॉलिसीवर, फंडावर नॉमिनी कोण आहे ते बघा. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असतं आणि ते तसंच राहतं, आमच्याकडे हेच झालं. एक लक्षात ठेवा, बँकेच्या खात्यावरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण त्यावर हक्क वारसांचा. म्हणून मृत्युपत्रही करा. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांच्याही सह्या घेतल्या, तरी ते चालतं. सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे ते मुलांनाही सांगा. पंचांगात ठेवू नका!

मग हक्काचं बोला. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तसं राहिलं नाही. नवऱ्याकडून वारसाने आलेला हिस्सा तिचाच, पुन्हा लग्न केलं तरी तो जात नाही. मात्र प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतलं विधवेचं पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबतं. तेव्हा निर्णय करण्याआधी हिशेब नीट मांडा. भावना आणि हिशेब यांचं वैर नाही. बायकांना हिशेब सांगितला जात नाही, म्हणून ते वैर वाटतं.

आणि शेवटी ते बोला, जे कुठल्याही कागदावर लिहिता येत नाही. कुंकवाचं, बांगड्यांचं, मंगळसूत्राचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सगळ्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव चांगलाच. पण घरातल्या घरात नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला दिलेला शब्द ठरावाहून जास्त कामाला येतो. "त्यांनीच मला सांगितलं होतं," एवढं एक वाक्य हाताशी असलं की आळीतल्या दहा तोंडांना उत्तर मिळतं. ते वाक्य आपल्या माणसासाठी मागे ठेवून जाणं, हेही प्रेमच. कदाचित तेच शेवटचं.

जाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला परत गेली. पापडांचा डबा आणि सुर्व्यांचं पुस्तक बरोबर नेलं. वाचनालयाचं पुस्तक आहे, मुदतीत परत कर, असं आमची वाचनालयवाली चारदा बजावून गेली होती. मुदत केव्हाच उलटून गेली आहे. दंड मी भरते आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

परवा तिचा फोन आला होता. लग्नाचं तिने अजून ठरवलेलं नाही. त्या गृहस्थांना तिने "थांबाल का?" असं विचारलं आणि ते "थांबतो" म्हणाले. मुलीलाही सगळं सांगितलं. मुलगी आता बारावी झाली आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, आधी तू यंदा पालखीला दारात उभी राहा. मग बाकीचं बघू."

मी म्हटलं, "मी येते रोह्याला. तुझ्या शेजारी उभी राहते."

"शेजारी नको ताई," ती म्हणाली, "मागे उभ्या राहा. ताट मी धरणार आहे."